गोठ्याशेजारच्या आंब्याला बुंध्यात अळंबी आलीय, तोडावा का?

जांबोटीकर
आजोबांनी लावलेला रायवळ आंबा गोठ्याला लागूनच आहे. छातीच्या उंचीला सुतळी गुंडाळून मोजला, घेर 9 फूट. यंदा मोहोर भरपूर आला, पालाही हिरवागार. पण गोठ्याच्या बाजूला जमिनीपासून वीतभर वर ताटलीएवढी अळंबी फुटलीय. वरून लाखेसारखी तांबडी, चकचकीत, कडेला पांढरी. खालच्या पाचोळ्यावर नाचणीच्या पिठासारखी तपकिरी पूड बसते. कोयत्याच्या मुठीनं ठोकलं की त्या बाजूला डबडब वाजतं, पलीकडं खणखणीत. आई म्हणते, फळतंय तोवर हात लावायचा नाही. खाली दोन म्हशी बांधतो. काय करू?

चिकोडीचा मळा
अळंबी खरवडून बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याची) लावा. आमच्याकडं तेच करतात.

खानापूर करवत
पेस्ट सालीवरच्या रोगाला. ही अळंबी आतल्या बुरशीचं फळ आहे, खरवडली तरी बुरशी आत लाकूड खातच राहते. वर्णनावरून गॅनोडर्मा दिसतो. तो मुळं आणि बुंधा कुजवतो. पाणी सालीलगतच्या लाकडातून वर चढतं, त्यामुळं शेंड्याला बराच काळ पत्ताच लागत नाही. पाला बघून ठरवू नका. माझ्या परसातला फणस आषाढात भरल्या पाल्यासकट आडवा झाला. मुळं उपटली नाहीत, बुंध्यापाशीच तुटली. हातात घेतली तर ओल्या कापसासारखी. आजही त्या जागेवरून जाताना पोटात गोळा येतो.

9 फूट घेर म्हणजे त्रिज्या 17 इंच. क्लाउस माथेक या जर्मन अभ्यासकाचा ठोकताळा आहे, की त्रिज्येचा साधारण तिसरा हिस्सा तरी निरोगी लाकूड भोवती हवं. तुम्हाला 5 ते 6 इंच. ड्रिलच्या बारीक, लांब बिटानं दोन-तीनच भोकं पाडा. कुजक्या भागाभोवती झाड स्वतःची भिंत घालतं, जास्त भोकांनी ती फुटते. भुसा कोरडा, फिका आला तर ठीक. ओला येऊन बिट एकदम आत गेलं, तर तिथं लाकूड उरलेलं नाही. मोठ्या मुळांवरची मातीही उकरून बघा.

जांबोटीकर
चार दिवसांनी लिहितोय. पलीकडं 7 इंच घट्ट. गोठ्याच्या बाजूला दीड इंचातच बिट घुसलं, भुसा ओला आणि कुबट. तिथलं जाड मूळ पहारीनं टोचलं तर पहार सरळ आत गेली.

खानापूर करवत
मग थांबू नका. म्हशी आजच हलवा, वळीव कधीही येईल. वनखात्याकडं अर्ज करा, फोटो जोडा. रोगट, धोकादायक झाड हे कारण कर्नाटकच्या 1976 च्या वृक्ष संरक्षण कायद्यातच आहे. तोडणाऱ्याला आधीच सांगा बुंधा पोकळ आहे म्हणून, गोठ्याकडच्या फांद्या दोरानं उतरवायला लावा. खोडका मुळांसकट काढा, त्याच खड्ड्यात नवा आंबा नको. आणि तोडण्याआधी पाचर कलमासाठी काड्या घ्या, कोयीच्या रोपावर बांधल्या की हाच आंबा पुढं राहील. आठ-दहा दिवस आधी त्यांची पानं छाटून ठेवा.

जांबोटीकर
म्हशी चुलत्यांच्या गोठ्यात नेल्या, अर्ज दिला. गेल्या वर्षीची कोयीची पाच रोपं पिशव्यांत आहेतच. पलीकडच्या, वाकलेल्या फांदीवरच्या काड्यांची पानं आईनं काल स्वतः छाटली, देठ ठेवून.