१० मीटर एअर रायफल : छर्रे ४.४९ घ्यायचे की ४.५०? आणि एकच डबा दोन रायफलींना चालतो का?

निपाणी_दहामीटर
नमस्कार मंडळी. निपाणीत गोडाऊनमध्ये दोन लेनची १० मीटर रेंज केलीय, शाळेची पोरं येतात. पॅरिसला स्वप्नील कुसाळेला ब्राँझ मिळाल्यापासून गर्दी जरा वाढलीय. रायफली दोन. एक सेकंडहँड पीसीपी (सिलिंडरमध्ये आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी) मॅच रायफल, दुसरी साधी स्प्रिंगची, बॅरल मोडून भरायची. दोन्ही ४.५ मिमी. टार्गेट कागदी, इलेक्ट्रॉनिक नाही.

आता छर्रे एकदम जास्त घ्यायचेत. डब्यांवर ४.४९, ४.५०, ४.५१ असं लिहिलेलं असतं, काहींवर काहीच नसतं. वजनंही वेगवेगळी, ०.४५ पासून ०.६७ ग्रॅमपर्यंत. दुकानदार म्हणतो सगळं सारखंच, कुठलंही न्या. प्रश्न असे :
१) हेडसाइज, म्हणजे डब्यावरचा छर्र्याच्या डोक्याचा मिमीतला व्यास, कसा ठरवायचा?
२) दोन्ही रायफलींना एकच छर्रा चालेल का?
३) छर्रे वजन करून निवडण्यात अर्थ आहे का?
४) एक पालक विचारायलेत, पॉइंट टू टू (.२२ बोअर) ची काडतुसं घरी भरून स्वस्तात पडतील का. काय सांगू?

कॅम्प_बेळगाव
चौथ्याचं आधी उरकतो. पॉइंट टू टू रिमफायर आहे. पेटणारा मसाला पुंगळीच्या कडेत, आतल्या बाजूला असतो. फायरिंग पिन ती कडच चेपते, त्यामुळं रिकामी पुंगळी परत भरण्यासारखी राहतच नाही. आणि दारूगोळा बनवायला आर्म्स ॲक्ट १९५९ च्या कलम ५ खाली वेगळा परवाना लागतो. पालकांना तेवढंच सांगा, विषय संपला. कुसाळेंचा प्रकार ५० मीटर थ्री पोझिशन, तो पॉइंट टू टू चा. तिथंही नेमबाज काडतुसं भरत बसत नाहीत, कारखान्याचे वेगवेगळे लॉट (एका खेपेत बनलेला माल) आपल्या बॅरलमधून तपासून एक लॉट निवडतात. तुम्हाला छर्र्यांचं करायचंय तेही हेच.

हेडसाइजबद्दल. छर्र्याचं डोकं बॅरलच्या खाचांमधल्या उंच पट्ट्यांवरून सरकतं आणि त्याला मधोमध धरून ठेवतं. मागचा घेर, म्हणजे स्कर्ट, हवेच्या दाबानं फुगतो नि हवा अडवतो. डोकं बारीक पडलं तर छर्रा नळीत किंचित कलून जातो. मोठं पडलं तर बोटानं ढकलताना डोकं किंवा स्कर्ट चेपतो. फरक ०.०१ मिमीचा, डोळ्यानं कळणार नाही. शिवाय डब्यावरचा आकडा एका कंपनीचा दुसरीशी तंतोतंत जुळेल असंही नाही. म्हणून ‘माझ्या रायफलीला ४.५०’ असं पाठ करू नका. कंपनी, हेडसाइज आणि डब्यावरचा लॉट नंबर हे तिन्ही मिळून एक छर्रा समजा. लॉट बदलला की तपासणी पुन्हा.

पीसीपीसाठी सपाट डोक्याचा मॅच छर्रा, ०.५३ ग्रॅमच्या आसपासचा. आरडब्ल्यूएस आर १०, एच अँड एन फिनाले मॅच, जेएसबी मॅच, क्यूवायएस ऑलिंपिक, यातले जे दोन-तीन मिळतील त्यांचा एकेक डबा आणा. सपाट डोकं कागदात गोल भोक पाडतं, गोल डोकं कागद फाडतं आणि गुण मोजताना वाद होतात.

तपासणी अशी करा :

पीसीपी टेबलावरच्या व्हाइसमध्ये (शिकंज्यात) बांधा. जबड्यात रबर किंवा चामडं घालून फोअरएंड (स्टॉकचा पुढचा भाग) धरा, बॅरल आणि सिलिंडर मोकळे ठेवा. टेबल हललं तर सगळं फुकट, म्हणून पाय जमिनीला बोल्ट करा नाहीतर वाळूची पोती ठेवा. छर्रा बदलला की पहिले १०–१५ शॉट मोजायचे नाहीत. आधीच्या शिशाचा थर जाऊन नवा बसेपर्यंत ग्रुप (एका कागदावर पडलेल्या शॉटचा पुंजका) भटकतो. मग १० शॉटचा एक ग्रुप, असे प्रत्येक छर्र्याचे किमान तीन. क्रम अ, ब, क, मग क, ब, अ असा उलटसुलट ठेवा. नाहीतर सिलिंडरचा दाब उतरला किंवा दुपारी गोडाऊन तापलं तर त्याचा दोष शेवटच्या छर्र्यावर जातो.

मोजताना व्हर्नियरनं ग्रुपच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत माप घ्या. कागदातलं भोक छर्र्यापेक्षा थोडं लहान भरतं, म्हणून सरसकट ४.५ वजा करू नका. त्याच कागदावर एक सुटा शॉट मारून त्याचं भोक मोजा आणि तेवढं वजा करा. राहील ते केंद्रापासून केंद्राचं अंतर.

ते किती असावं? टार्गेटवर दहाचा ठिपका ०.५ मिमीचा, आणि दशांश गुणांची (१०.० ते १०.९) प्रत्येक पायरी ०.२५ मिमीची. व्हाइसमध्येच ग्रुप २ मिमीचा पडत असेल तर कडेचा शॉट मध्यापासून १ मिमीवर जातो, म्हणजे पोरानं चूक न करताही १०.९ चा १०.६ झाला. व्हाइसमध्ये १.५ ते २ मिमी आलं की पोरांसाठी बास. त्याच्या खाली जायला डझनभर लॉट तपासावे लागतात, तो खर्च राज्य पातळीच्या पुढं.

५ शॉटच्या ग्रुपवर मात्र निर्णय घेऊ नका. पाचाचा ग्रुप दहापेक्षा लहान दिसणारच, नि त्यात नशिबाचा भाग फार.

खानापूर_जंगलकडा
वरचं सगळं पीसीपीसाठी बरोबर. स्प्रिंगच्या रायफलीला व्हाइस लावू नका ओ. पिस्टन पुढं-मागं आपटतो, घट्ट बांधली की ती वेगळाच ग्रुप देते आणि स्टॉकलाही मार बसतो. मऊ वाळूच्या पिशवीवर ठेवा, हात सैल, दर वेळी त्याच जागी. चाचणीआधी स्टॉकचे स्क्रू बघा, ते ढिले होतातच. ‘छर्रा वाईट’ म्हणून येणाऱ्या तक्रारीत निम्म्या वेळा स्क्रू असतो. उरलेल्यात ब्रीचचं (छर्रा भरायच्या मागच्या तोंडाचं) सील. बॅरल बंद करून जोडावर टिश्यूची पट्टी ठेवून मारा. पट्टी उडाली तर हवा गळतेय.

दोन्हींना एकच छर्रा हा हट्ट सोडा. स्प्रिंगला ०.६७ चा जड छर्रा घातला तर तो उशिरा हलतो, पिस्टन हवेच्या गादीवरून मागं उसळतो आणि वेग कमी-जास्त होतो. फार हलका घातला तर पिस्टन सिलिंडरच्या तोंडावर आपटतो. ०.४५ ते ०.५५ च्या मधे शोधा. १० मीटरच्या कागदाला ०.४५ चा सपाट आरडब्ल्यूएस हॉबी किंवा ०.५१ चा फिनाले मॅच लाइट. बाहेर २५ मीटरवर डबे पाडायचे असतील तर जेएसबी एक्झॅक्ट ०.५४७, गोल डोक्याचा. सपाट डोकं लांबवर वेग लवकर सोडतं.

भरताना बोट स्कर्टवर सरळ टेकवा, छर्रा ब्रीचच्या काठाशी सपाट किंवा केसभर आत बसला पाहिजे. स्कर्ट बाहेर राहिला आणि बॅरल मिटली की कड कातरली जाते. तो शॉट कुठंही जातो.

तेल. छर्रे साबणाच्या पाण्यात धुऊन तेलाचा हात द्यायची पद्धत आहे. पीसीपीवाले करतात तर करू देत. स्प्रिंगमध्ये तेलाचा थेंब दाबाच्या उष्णतेनं पेटतो, ‘फट्’ आवाज नि धूर येतो, वेग एकदम वाढतो आणि सील जळतं. बॅरल साफ करायला नायलॉनची मासेमारीची दोरी ब्रीचकडून घाला नि कापडाचा तुकडा ओढून काढा. फेल्टच्या गोळ्या मारून साफ करणं पीसीपीला ठीक. स्प्रिंगमध्ये फेल्ट इतकं हलकं असतं की पिस्टन रिकामा आपटल्यासारखाच.

आणि आमच्या बाजूचा पाऊस. जूनपासून सप्टेंबरपर्यंत उघडा डबा ठेवला की छर्र्यांवर पांढरी भुकटी चढते. ती शिशाची. पुसून वापरू नका, तो डबा बाद. सिलिका जेलची पुडी टाकून डबा झिपलॉकमध्ये, आणि आत फोमचा तुकडा, म्हणजे गाडीत हिंदकळून स्कर्ट चेपत नाहीत.

अथणी_ऊसवाला
विषयात विषय. आमच्या उसात डुकरं नि मोर लई झालेत. त्यासाठी ५.५ ची एअर रायफल आणि जड छर्रा कुठला चालेल?

कॅम्प_बेळगाव
@अथणी_ऊसवाला चालणार नाही, कुठलाच. मोर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे, छर्रा लागून जखमी झाला तरी गुन्हा. डुकराला एअर रायफलचा छर्रा मारून डुक्कर मरत नाही, जखमी होऊन उसातच बसतं आणि दुसऱ्या दिवशी तोडणीवाल्यांच्या अंगावर येतं. दुसरं, आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणं ४.५ मिमीच्या वर बोअर किंवा २० जूलच्या वर ताकद असेल तर एअर रायफललाही परवाना लागतो. ५.५ म्हणजे परवाना आलाच. पिकाच्या नुकसानीसाठी वनखात्याकडं भरपाईचा अर्ज करा आणि सौरकुंपणाचं बघा. इथं कागदावर मारायचंच बोलूया.

निपाणीवाले, तुमच्या दोन्ही ४.५ आहेत म्हणजे ताकदीचाच प्रश्न. हिशेब सोपा : ग्रॅममधलं वजन गुणिले वेगाचा वर्ग, भागिले २०००. ०.५३ ग्रॅम आणि १७० मीटर प्रति सेकंद म्हणजे साधारण ७.७ जूल, मॅच रायफल इथंच असते. २० फार लांब. तरी विकत घेताना ओळखपत्र दिलेली पावती जपून ठेवा.

चिक्कोडी_वजनकाटा
तिसऱ्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही. वजन करा. ०.००१ ग्रॅमचा काटा आता कुणालाही परवडतो. स्वस्त डब्यात ०.०२ ग्रॅमपर्यंत फरक सापडतो, तो वेगळा काढला की ग्रुप आवळतो.

कॅम्प_बेळगाव
स्वस्त डब्याला मान्य. मॅच छर्र्याला वेळ वाया. १० मीटरला छर्रा साधारण १८ मिमी खाली येतो. वजनात १ टक्का, म्हणजे ०.००५ ग्रॅम फरक पडला तर त्याच ताकदीला वेग अर्धा टक्का बदलतो आणि उंचीत फरक पडतो ०.१८ मिमी, म्हणजे दशांशाची एक पायरीही नाही. वेगच १ टक्का हलला तर ०.३६ मिमी. म्हणून काट्याआधी पीसीपीचा रेग्युलेटर (दर शॉटला हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग) बघा. रायफल अर्धा तास पडून राहिल्यावर पहिला शॉट नेहमी वर जातो का? जात असेल तर रेग्युलेटरमधून दाब हळूहळू पुढं सरकतोय, छर्रा बदलून ते जाणार नाही.

काट्यापेक्षा डोळा बरा. छर्रे पांढऱ्या कागदावर ओता, स्कर्ट चेपलेले नि डोक्यावर कुसळ असलेले बाजूला काढा. ते सरावाला.

चिक्कोडी_वजनकाटा
उंचीचा हिशेब बरोबर, पण कमी वजनाच्या छर्र्यात आत पोकळी किंवा एका बाजूला पातळ भिंत असू शकते, ती कलंडते. काटा तेच पकडतो. निदान मॅचसाठीचे ६० नि सायटिंगचे (आधी नेम जुळवायचे) थोडे तरी तोला.

कॅम्प_बेळगाव
तेवढं चालेल. पाचशेचा आख्खा डबा पोरांना तोलायला लावू नका म्हणजे झालं.

निपाणी_दहामीटर
सगळ्यांचे आभार. सांगितल्याप्रमाणं पीसीपी व्हाइसमध्ये बांधून एकाच कंपनीचे दोन साइज मारले. सुट्या शॉटचं भोक ४.३ मिमी. बाहेरून बाहेर :
४.४९ — ६.४, ६.१, ६.९
४.५० — ६.६, ६.०, ६.३
म्हणजे ४.५० घेऊ ना?

कॅम्प_बेळगाव
४.३ वजा केलं की सरासरी २.२ विरुद्ध २.०. तीन-तीन ग्रुपवर हा फरक धरण्यासारखा नाही, उद्या उलटंही येईल. ६.९ चा कागद परत बघा. नऊ शॉट एकत्र आणि एकच बाहेर असेल तर तो बहुधा चेपलेल्या स्कर्टचा. दहाही सारखे पसरले असतील तर तो साइज खरंच ढिला.

फरक नसेल तर ज्या लॉटचे जास्त डबे मिळतील तो घ्या. दुकानात लॉट नंबर वाचूनच डबे उचला, बिलावर लिहून घ्या. वर्षाचा हिशेब पोरामागं आठवड्याला किती शॉट त्यावरून काढा, आणि एक सीलबंद डबा शेवटपर्यंत ठेवा, नवीन लॉट आला की शेजारी मारून बघायला.

खानापूर_जंगलकडा
एक राहिलं. गोडाऊनमध्ये पोरं आहेत म्हणून. छर्रे तोंडात धरू देऊ नका, काही पोरांना ती खोड असते. शूटिंगनंतर साबणानं हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही, खाऊचा. ट्रॅपच्या (टार्गेटमागं छर्रे अडवायच्या पेटीच्या) मागची पत्री तिरकी ठेवा, छर्रा खाली पडला पाहिजे. सरळ पत्र्यावरून तुकडे परत येतात, चष्मा सगळ्यांना. आणि फरशी कोरड्या केरसुणीनं झाडू नका, शिशाची धूळ उडते. ओल्या फडक्यानं पुसा, ते फडकं वेगळंच ठेवा. ट्रॅपमधलं शिसं भंगारवाला वजनावर घेतो, त्यातनं पुढच्या डब्याला थोडा हातभार लागतो.

निपाणी_दहामीटर
६.९ च्या कागदात नऊ एकत्र, एक सात वाजताच्या दिशेला बाहेर. पत्री आत्ता सरळच आहे, उद्या वेल्डरला बोलावतो. किती अंशात?

खानापूर_जंगलकडा
४५. वरची कड पुढं तुमच्याकडं, खालची मागं. खाली वाळूचा ट्रे.