मदत हवी आहे: "मी सोमाली, पण सोमालियाचा नाही" हे मराठीत कसं सांगू?

पुण्यात आमच्या शेजारी सोमालीलँडमधल्या हर्गेसा शहराचा एक सोमाली विद्यार्थी राहतो. कोजागरीला सोसायटीत तो दहा मिनिटं बोलणार, मराठीत मी सांगणार. लोक एकच विचारतात, "समुद्री चाचे ना?" बिचारा हसून घेतो.

खरी पंचाईत पुढेच. सोमालियाच्या झेंड्यावरच्या ताऱ्याची पाच टोकं म्हणजे सोमाली लोकांचे पाच प्रदेश; त्यातले जिबूती, इथिओपियातला ओगादेन आणि केनियाचा ईशान्य भाग देशाबाहेरच! त्यात याच्या सोमालीलँडने, म्हणजे सोमालियाच्या उत्तरेकडच्या भागाने, १८ मे १९९१ ला आपण वेगळे झाल्याचं जाहीर केलं, त्यांचा झेंडाही निराळा.

आजी-आजोबांना कळेल असं कसं मांडू? आंबोळीसारख्या त्यांच्या 'लाहोह'पासून सुरुवात करू का? आणि तिथल्या घराण्यांच्या गोतावळ्याला 'कूळ' म्हणू की 'भावकी'?