मऊ जेलवर अ‍ॅक्टिनचे तंतू कुठे जातात?

प्रश्न

फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीतील) पेशी प्लास्टिकच्या डिशमध्ये वाढवून फॅलॉइडिनने रंगवल्या, तेव्हा या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेले अ‍ॅक्टिन या प्रथिनाच्या तंतूंचे जाड जुडगे स्पष्ट दिसले. त्याच पेशी सुमारे 1 किलोपास्कल ताठरपणाच्या पॉलिअ‍ॅक्रिलअमाइड जेलवर गोलसर राहिल्या आणि जुडगे जवळजवळ दिसेनासे झाले. वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रथिनाचे प्रमाण पाहण्याच्या चाचणीत) मात्र एकूण अ‍ॅक्टिन दोन्हीकडे सारखेच आहे. मग हा फरक कशामुळे पडला असावा?

उत्तर 1

फॅलॉइडिन फक्त तंतुरूप अ‍ॅक्टिनला चिकटते. ब्लॉटमध्ये मात्र तंतू आणि सुटे रेणू एकत्रच मोजले जातात. पेशी इंटेग्रिन या आपल्या पृष्ठभागावरील प्रथिनांच्या साहाय्याने बाहेरच्या आधाराला धरते आणि मायोसिन या ओढणाऱ्या प्रथिनाच्या बळावर तो ओढून पाहते. आधार ताठर असेल तर तो जागचा हलत नाही, पकडीवरचा ताण वाढत जातो, टॅलिन या पकडीतल्या प्रथिनाच्या घड्या उलगडून व्हिन्क्युलिन या दुसऱ्या प्रथिनाला बसायला जागा मिळते आणि पकड आणखी घट्ट होते. मऊ जेल ओढीसरशी सरकते, त्यामुळे पुरेसा ताण साठत नाही आणि जुडगे उभे राहत नाहीत. प्लास्टिकवरील पेशींना ब्लेबिस्टॅटिन देऊन मायोसिन थांबवले, तर तेथील जुडगेही विरतील. शिवाय प्लास्टिकचा ताठरपणा गिगापास्कलमध्ये मोजावा लागतो. तेव्हा माझ्या मते कृत्रिम चित्र जेलवरचे नसून डिशमधले आहे.

उत्तर 2

वरील स्पष्टीकरण पटते, पण सगळा फरक केवळ मांडणीचा असतो असे समजू नये. केंद्रकाच्या आतील अस्तरातले लॅमिन-ए हे प्रथिन ऊती जितकी ताठर तितके अधिक आढळते, हे 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामातून दिसले आहे. मऊ आधारावर लॅमिन-एचे फॉस्फोरिलीकरण (त्याला फॉस्फेट गट जोडले जाणे) वाढते आणि ते अस्तरातून सुटे होऊ लागते. त्यामुळे पुढचा ब्लॉट लॅमिन-एचा करावा.

त्याआधी एक शंका: पेशींना धरता यावे म्हणून जेलवर कोलॅजन या प्रथिनाचा लेप कसा बसवला होता? पॉलिअ‍ॅक्रिलअमाइडला प्रथिने आपणहून चिकटत नाहीत. लेप विरळ असेल तर ताठर जेलवरही पेशी गोलच राहतील.

प्रश्नकर्ता

सल्फो-सॅनपाह हे जोडणारे रसायन लावून अतिनील प्रकाशाखाली लेप जोडला होता, पण तो किती बसला हे तपासले नव्हते. आता 1 आणि 30 किलोपास्कलच्या जेलवर एकाच वेळी लेप देऊन, कोलॅजनची प्रतिपिंडे वापरून दोन्हींची तुलना करतो. प्लास्टिकशी तुलना तूर्त बाजूला ठेवतो.