मदत हवी आहे: चाल सुचली की लगेच पकडायला काय वापरता?

कवितांना चाली लावते. पेटी, गळा आणि फोनवरचा तानपुरा, एवढंच सामान. मुखडा सुचला की तो चटकन नोंदवून त्यावर पेटीचा एखादा तुकडा किंवा दुसरा आवाज चढवून बघायचा असतो.

फोनच्या रेकॉर्डरवर पेटीचा लांब धरलेला सूर हळूहळू बुडतो. सलग सुराला फोन गोंगाट समजून दाबतो बहुतेक. नॉइज रिडक्शन बंद करता येणारं अ‍ॅप घेतल्यावर सूर टिकला, पण भात्याची फसफस आली. मग बँडलॅब या अ‍ॅपवर एकावर एक आवाजांचे थर चढवले. ब्लूटूथ हेडफोनवर दुसरा थर मागे पडायचा, वायरचा लावल्यावर जुळला. तरी अ‍ॅप उघडून ट्रॅक लावेपर्यंत मध्येच कुणाचा तरी 'सुप्रभात' येतो आणि अंतरा पसार!

लूपर पेडल (वाजवलेला तुकडा पुन्हा पुन्हा ऐकवणारं, पायाने चालवायचं यंत्र) नको. बहुतेक पेडलांना माइक थेट जोडता येत नाही, मध्ये प्रीअँप (माइकचा आवाज वाढवणारं उपकरण) लागतो, म्हणजे पुन्हा वायरींचं जंजाळ. लॅपटॉपही नको. स्टुडिओसारखी सफाई नसली तरी चालेल, जुनं यंत्रही चालेल.

सध्या नजर झूम कंपनीच्या आर४ या रेकॉर्डरवर आहे: चार ट्रॅक आणि माइक आतच. असं छोटं मल्टिट्रॅक यंत्र कुणी पेटीसाठी वापरलंय का? आतल्या माइकवर भाता कितपत ऐकू येतो, यंत्र पेटीपासून किती लांब ठेवता, आणि बटण दाबल्यापासून पहिला सूर नोंदायला किती वेळ जातो?