प्रतिसाद: चिनी ‘शिन’ – मन की काळीज?
वर एकांनी लिहिलंय की चिनीत ‘कामात बुडालेला’ याचं अक्षर म्हणजे ‘मेलेलं हृदय’. ऐकायला झकास, पण त्यातला ‘वांग’ (नाहीसं होणं) हा भाग मुख्यतः उच्चार दाखवायला आलाय. गंमत म्हणजे हृदय आणि वांग शेजारी-शेजारी ठेवले की ‘कामात बुडालेला’, वांगखाली हृदय ठेवलं की ‘विसरणं’!

खरी मजा ‘शिन’ या शब्दात आहे, म्हणजे वरच्या अक्षरांमधलं ते ‘हृदय’. तिथे मन आणि काळीज अशी फाळणीच नाही. इ.स.पू. चौथ्या शतकातला चिनी तत्त्वज्ञ मेन्शियस तर सांगतो की विचार करणं हे शिनचंच काम. बोलण्यात ‘छोटं शिन’ म्हणजे जपून, ‘उघडं शिन’ म्हणजे खूश. आणि ‘फांगशिन’, म्हणजे शिन खाली ठेवणं: निर्धास्त होणं. आपला जीव भांड्यात पडतो, तसंच काहीसं.