मसाई पठाराच्या कातळावर एवढ्या वनस्पती कशा टिकतात?

प्रश्न (कोल्हापूर):
भाद्रपदात पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर जेमतेम बोटभर मातीत गेंद आणि सीतेची आसवे या रानफुलांचे गालिचे पाहिले. एप्रिलमध्ये मात्र तिथेच चटके देणारा काळा कातळ होता. इतक्या उजाड जागी ही विविधता कशी टिकते, आणि यांतील काही वनस्पती खालच्या जंगलात का दिसत नाहीत?

उत्तर १:
सडा, म्हणजे असे उघड्या कातळाचे पठार, हे जंगलाने वेढलेले बेटच आहे. वरून एकसारखा दिसणारा जांभा खडक जवळून पाहिल्यास उथळ डबकी, भेगा आणि सपाट कातळ असे निरनिराळे अधिवास हातभर अंतरावर आढळतात, आणि प्रत्येकाची वनस्पतिसृष्टी वेगळी असते. पावसाने पोषकद्रव्ये वाहून जात असल्यामुळे सीतेची आसवे ओल्या मातीतल्या सूक्ष्म फुग्यांत बारीक जीव पकडते, तर दवबिंदू ही वनस्पती पानांवरच्या चिकट थेंबांनी कीटक धरते. जंगलातल्या दाट सावलीत अशा लहान, प्रकाशप्रिय वनस्पतींचा निभाव लागत नाही.

उत्तर २:
उन्हाळ्याचे उत्तर वेगळे आहे. गेंदासारख्या वर्षायू वनस्पती पावसाळ्याअखेरीस बी टाकून संपतात, वायतुरा कंदरूपाने मातीत थांबतो, आणि त्रिपोगॉन गवताची पूर्ण वाळलेली पाती पहिल्या पावसानंतर पुन्हा हिरवी होतात. हे मला सर्वांत विलक्षण वाटते. बाकी, पठारावर गाडी घालू नये, अशी कळकळीची विनंती आहे, कारण चाकाखाली गेलेली ती बोटभर माती साठायला फार मोठा काळ लागलेला असतो.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. आता ज्येष्ठात, पहिल्या पावसानंतर, ते गवत पाहायला अवश्य जाईन.