हिमवादळाचा अंदाज: सकाळी ६ ला निघावं की १० ला?

प्रश्न
उद्या रात्री हिमवादळाचा अंदाज आहे. एकूण १० सेंमी बर्फ, पहाटे उणे २, सकाळी १० ला अधिक १. २०० किमी जायचंय. निम्मा महामार्ग, निम्मा आतला रस्ता. १० सेंमी काही फार वाटत नाही. अंदाजात नेमकं काय बघायचं?

प्रतिसाद १
एकूण आकडा बाजूला ठेवा, ताशी अंदाज उघडा. १० सेंमी बर्फ बारा तासांत पडला तर बर्फ हटवणाऱ्या गाड्यांना झेपतो. तोच तीन तासांत कोसळला, तर त्यांची फेरी संपेपर्यंत मागचा रस्ता पुन्हा पांढरा झालेला असतो. ताशी अडीच सेंमीच्या वर दर दिसला की त्या वेळेत गाडी बाहेर नको.

शिवाय अंदाजातलं तापमान हवेचं असतं, जमिनीपासून साधारण २ मीटरवरचं. रस्ता त्याहून थंड असू शकतो. पूल तर आधी गोठतो, कारण त्याला खालूनही वारा लागतो आणि जमिनीची ऊब मिळत नाही. गाडीतला आकडा अधिक २ दाखवत असतानाही पुलावर ब्लॅक आइस, म्हणजे बर्फाचा पातळ पारदर्शक थर, असू शकतो, आणि तो नुसत्या ओल्या डांबरासारखा दिसतो.

वाराही बघा. बर्फ पडायचा थांबला तरी उघड्या माळावरचा भुसभुशीत बर्फ उडून रस्त्यावर येतो.

प्रतिसाद २
सहमत. पण मला खरी धास्ती शून्याजवळच्या तापमानाची वाटते. उणे १५ ला बर्फ कोरडा असतो, टायर बऱ्यापैकी धरतो. शून्याजवळ त्यावर पाण्याचा पातळ पापुद्रा येतो आणि पकड जाते.

वर उबदार हवेचा थर आणि जमिनीलगत थंड हवा असली, की बर्फ वितळून पाऊस होतो आणि रस्त्याला टेकताक्षणी गोठतो. अंदाजात असा गोठणारा पाऊस असेल तर बेत रद्दच करा. तिथे हिवाळी टायरही तारत नाहीत.

बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाचं म्हणाल, तर साधं मीठ रस्ता उणे ९-१० च्या खाली गेला की जवळपास निकामी. उणे २ ला चांगलं चालतं, फक्त त्याला वेळ द्यावा लागतो.

प्रश्नकर्ता
ताशी अंदाज पाहिला. १० पैकी ८ सेंमी पहाटे ३ ते ६ मध्येच आहे!

प्रतिसाद १
मग ६ ची वेळ सगळ्यात वाईट. १० नंतर निघा, आतला रस्ता मोकळा झालाय का ते आधी बघा. तो सगळ्यात शेवटी साफ होतो.

प्रतिसाद ३
निघण्याआधी टायर थंड असताना हवा तपासा. तापमान ५-६ अंश उतरलं की दाब सुमारे १ पीएसआयने घटतो. टपावरचा बर्फही काढा, नाहीतर ब्रेक दाबताच अख्खा थर पुढच्या काचेवर घसरतो.

अडकलात तर गाडी सोडून चालू लागू नका. आधी सायलेन्सरचं तोंड उकरून मोकळं करा, मगच इंजिन, तेही तासाला दहा मिनिटं, एक काच बोटभर उघडी ठेवून. तोंड बुजलेलं असेल तर कार्बन मोनॉक्साइड आत शिरतो, आणि त्याला वास नसतो.